छापखान्यापासून जालनिशीपर्यंत: रायपूरमधील स्वप्रकाशनाचा इतिहास

जानेवारी 1900 मध्ये तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा या गावाहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघू लागले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक, तर रायपूरचे वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. तिघेही मराठी घरांतले. सप्रे त्या वेळी पेंड्र्याच्या राजकुमारांचे शिक्षक होते. मासिकाचे संपादन पेंड्र्याला होई, छपाई मात्र आधी रायपूरच्या कय्युमी प्रेसमध्ये आणि नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये झाली. मजकूर एका गावी तयार होई आणि अंक दुसऱ्या गावी. आजच्या छत्तीसगढच्या भूमीतून स्वतःच्या बळावर लिहिण्याची आणि ते लोकांपर्यंत पोचवण्याची खटपट इथपासून मांडता येते.

या खटपटीत मराठी नावे आढळतात याला कारण आहे. 1758 पासून रतनपूरला बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता. 1818 नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठिकाण रतनपूरहून रायपूरला आणले. त्यानंतर 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. शिक्षण, वकिली, सरकारी नोकरी आणि छापखाना या सगळ्यांसाठी रायपूरची वाट नागपूरकडे जाई. सप्रे यांनी पुढे 1907 मध्ये टिळकांच्या 'केसरी'चे हिंदी रूप नागपुरातून काढले. 1908 मध्ये त्यांना अटक झाली. नंतर रायपुरात राहून त्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणले. 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले.

'छत्तीसगढ मित्र' तीन वर्षे चालले आणि डिसेंबर 1902 मध्ये बंद पडले. मजकुराची वाण नव्हती. हिंदीतील आरंभीच्या कथांत जिची गणना होते ती 'एक टोकरी भर मिट्टी' ही सप्रे यांची कथा याच मासिकात एप्रिल 1901 मध्ये छापली गेली. अडचण पैशाची होती. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च अंक हातात पडण्याआधी करावा लागे, वर्गणी मात्र सावकाश येई आणि कधी येतही नसे. पुढची साठ-सत्तर वर्षे हेच गणित कायम राहिले. 1959 मध्ये रायपुरात मायाराम सुरजन यांचे दैनिक सुरू झाले. ते पुढे 'देशबंधु' या नावाने ओळखले जाऊ लागले. अशा दैनिकांमुळे शहराला स्वतःचे वृत्तपत्र मिळाले, पण सामान्य वाचकाच्या वाट्याला त्यात येत असे ती वाचकांच्या पत्रांची जागा. कोणते पत्र छापायचे आणि किती कापायचे हे संपादक ठरवी.

कागदाशिवाय, थेट आकाशातून संदेश पोचवण्याचा पहिला मोठा प्रयोग रायपूर परिसराने 1975 मध्ये पाहिला. अमेरिकेच्या 'एटीएस-6' या उपग्रहाच्या मदतीने इस्रोने 'साइट' हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असा वर्षभर चालवला. सहा राज्यांतील सुमारे 2400 गावे त्यात होती. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील गावे रायपूरच्या आसपासची निवडली होती. गावात एका सार्वजनिक जागी संच बसवला जाई. त्याची अँटेना म्हणजे सुमारे तीन मीटर व्यासाची ताटली. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची ती असे, कारण ती हलकी, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी होती. संध्याकाळी गाव त्या संचासमोर जमे. शेती, आरोग्य आणि शिक्षण यांवरचे कार्यक्रम दिसत, पण गावाला काही सांगायचे असेल तर त्याला परतीची वाट नव्हती. ही वाट इंटरनेटने दिली.

इंटरनेटची सुरुवात 29 ऑक्टोबर 1969 रोजी कॅलिफोर्नियात दोन संगणकांमध्ये गेलेल्या 'अर्पानेट'वरील संदेशापासून मानतात. मजकुराचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा, मिळेल त्या मार्गाने ते पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे, ही त्यामागची युक्ती. 1 जानेवारी 1983 पासून या जाळ्याने टीसीपी/आयपी हे समान नियम स्वीकारले, आणि वेगवेगळ्या बनावटीची जाळी एकमेकांना जोडता येऊ लागली. भारतात 1986 मध्ये शिक्षणसंस्थांसाठी 'अर्नेट' सुरू झाले. त्याच दशकात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या आधारे जिल्हा कचेऱ्या 'निकनेट'ला जोडायला घेतल्या. ही दोन्ही जाळी संशोधकांची आणि सरकारची होती. सर्वसामान्यांना पैसे भरून इंटरनेट मिळू लागले ते 15 ऑगस्ट 1995 पासून. विदेश संचार निगमाची ही सेवा सुरुवातीला मोजक्या महानगरांपुरती होती. 1998 च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले आणि मग मधल्या आकाराच्या शहरांची पाळी आली.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. त्याच्या बरोबर एक महिना आधी दूरसंचार खात्याच्या सेवा बीएसएनएल या सरकारी कंपनीकडे गेल्या होत्या. घरच्या जोडणीसाठी मोडेम टेलिफोनला लावावा लागे. तो क्रमांक फिरवी, चिरका आवाज करीत पलीकडच्या यंत्राशी वेग ठरवी आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून राही. ज्यांच्याकडे संगणक नव्हता ते सायबर कॅफेत जात. तासाच्या हिशेबाने पैसे भरायचे, लाकडी कप्प्यात बसायचे आणि वेळ संपायच्या आत ईमेल पाठवायची, असा तो रिवाज.

त्या वेगात चित्रे आणि गाणी जड पडत. 56 केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी तीन एमबीचे एक गाणे उतरायला सात-आठ मिनिटे लागत, आणि मध्येच फोन तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हजार शब्दांचा देवनागरी मजकूर मात्र वीस केबीच्या आसपास भरतो, म्हणजे तो दोन-तीन सेकंदांत येई. ब्लॉग हा प्रकार लहान शहरांतही रुजला, त्याचे एक कारण हे आहे.

'वेबलॉग' हा शब्द अमेरिकेतील जॉर्न बार्गर याने डिसेंबर 1997 मध्ये वापरला. 1999 मध्ये पीटर मेरहोल्झ याने गमतीने त्याची फोड करून 'ब्लॉग' केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' ही सेवा आली. 2003 च्या फेब्रुवारीत गूगलने ती विकत घेतली आणि मे महिन्यात 'वर्डप्रेस' बाहेर पडले. या सेवांआधी स्वतःचे पान काढायचे तर एचटीएमएल शिकावे लागे आणि बहुधा जागा भाड्याने घ्यावी लागे. आता चौकटीत लिहायचे आणि एक बटन दाबायचे, एवढेच उरले. सप्रे यांना छपाईसाठी नागपूर गाठावे लागले होते. ब्लॉगमुळे छपाईचा खर्च शून्यावर आला.

अडसर उरला तो अक्षरांचा. रायपूरच्या डीटीपी दुकानांत आणि वृत्तपत्रांत कृतिदेव फॉन्टचा वापर मोठा होता, तर महाराष्ट्रात श्री-लिपीसारख्या प्रणाली चालत. कृतिदेवची मांडणी जुन्या टंकयंत्राची. इंग्रजी 'डी'च्या कळीवर 'क' उमटे. पण संगणकाच्या लेखी ते अक्षर 'डी'च राही, त्यावर फक्त देवनागरी मुखवटा चढवलेला असे. 'हिन्दी' हा शब्द कृतिदेवमध्ये लिहून, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की एफ, जी, मोठा यू, एन, एच अशी पाच रोमन अक्षरे दिसत. ऱ्हस्व वेलांटी टंकयंत्रावर अक्षराच्या आधी मारावी लागे, म्हणून ती सगळ्यांत पुढे. असा मजकूर छापून घेता येई, पण इंटरनेटवर तो दुसऱ्याला वाचता येत नसे आणि शोधयंत्राला सापडत नसे.

यावर युनिकोडचा उपाय होता. 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला स्वतंत्र क्रमांक होते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत 'जिस्ट' या भारतीय लिप्यांच्या तंत्रावर झालेले काम आणि 'इस्की' ही भारतीय संकेतप्रणाली यांचा त्या मांडणीला आधार मिळाला होता. युनिकोडमध्ये 'हिन्दी'चे सहा घटक उच्चाराच्या क्रमाने साठवले जातात, त्यामुळे वेलांटी 'ह'च्या नंतर येते. घरोघरच्या संगणकांवर हे दिसू लागले ते विंडोज 2000 आणि एक्सपी यांच्या काळात. इन्स्क्रिप्ट मांडणीत 'क' हा 'के'च्या कळीवर असतो, पण टंकयंत्रावर हात बसलेल्यांना ती नव्याने शिकावी लागली. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवण्याची साधने आली तेव्हा हा प्रश्न बराच सुटला.

मराठीत 'मायबोली' हे संकेतस्थळ 1996 मध्ये अमेरिकेतून निघाले, मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला आणि 2004 च्या गणेश चतुर्थीला 'मनोगत' आले. ब्लॉगला मराठीत 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' अशी नावे मिळाली, हिंदीत 'चिट्ठा'. हिंदीतील पहिला ब्लॉग 'नौ दो ग्यारह' हा एप्रिल 2003 मधला. त्यानंतरच्या काही वर्षांत रायपूर, दुर्ग आणि भिलाई येथे हिंदी ब्लॉग लिहिणाऱ्यांचा चांगला मेळ जमला. 'नारद', 'चिट्ठाजगत' आणि 'ब्लॉगवाणी' या, ब्लॉगांवरच्या नव्या नोंदी एकत्र दाखवणाऱ्या संकलकांवर त्यांचे लेखन देशभरच्या वाचकांसमोर येई. 'आरंभ' या ब्लॉगवर लोककला आणि स्थानिक इतिहास यांना जागा मिळाली, 'गुरतुर गोठ' या संकेतस्थळाने छत्तीसगढी बोलीत मासिक चालवावे तसा मजकूर दिला. राजनांदगावचे मूळ रहिवासी रवी रतलामी यांनी मुक्त संगणकप्रणालीचे हिंदी रूप घडवण्यात वाटा उचलला आणि ती छत्तीसगढीतही आणली.

लिहिणे सोपे झाले तरी लिहिता-वाचता न येणारे बाहेरच राहिले. बस्तरच्या गोंडी बोलणाऱ्यांची अडचण दुहेरी होती. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे 29 लाखांहून अधिक होते आणि ते छत्तीसगढपासून गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत पसरलेले, पण वृत्तपत्रांत त्यांची भाषा नव्हती. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2004 मध्ये 'सीजीनेट' हा ईमेल गट काढला होता. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यातून 'सीजीनेट स्वर' उभे राहिले. त्याची रीत अशी: साध्या फोनवरून क्रमांक लावायचा, बातमी सांगायची असेल तर 1 दाबायचा, ऐकायची असेल तर 2. निरोप बंगळूरच्या सर्व्हरवर साठे, संपादन करणारे शहानिशा करीत आणि मग तो सर्वांसाठी खुला होई. पुढे नुसता मिस्ड कॉल दिला की यंत्रच उलटा फोन करू लागले, त्यामुळे बोलणाऱ्याला खर्च उरला नाही. थकलेली मजुरी किंवा बंद पडलेला हातपंप यांची तक्रार सांगताना संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांकही दिला जाई, आणि ऐकणारे त्याला फोन करीत. 'साइट'च्या संचासमोर बसणाऱ्या गावाकडे जी परतीची वाट नव्हती ती इथे मिळाली.

2010 नंतर ब्लॉगांची गर्दी ओसरली. 'ब्लॉगवाणी' त्याच वर्षी थांबली, 1 जुलै 2013 रोजी ब्लॉग वाचण्याची 'गूगल रीडर' ही सेवा बंद झाली आणि लिहिणारे फेसबुक व व्हॉट्सॲपकडे वळले. 2016 मध्ये जिओची मोबाइल सेवा आल्यावर डेटा स्वस्त झाला. 2018 मध्ये छत्तीसगढ सरकारने सुमारे 50 लाख स्मार्टफोन मोफत वाटण्याची योजना आणली. वाचक वाढले, पण निवड पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेली. संपादकाच्या जागी आता कोणाला काय दिसावे हे ठरवणारी गणिती प्रणाली बसली.

जपणुकीची बाजू याहून कच्ची आहे. भोपाळमध्ये 1984 पासून माधवराव सप्रे यांच्या नावाने जुन्या वृत्तपत्रांचे आणि नियतकालिकांचे संग्रहालय आहे. ब्लॉगांना तसा आसरा मिळाला नाही. संकलक बंद पडले तेव्हा त्यांवरच्या याद्या गेल्या. ज्यांनी नूतनीकरणाचे पैसे भरले नाहीत त्यांचे डोमेन गेले. 1996 पासून चालणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने जी पाने टिपली तीच मागे राहिली. कागदाचा अंक काढायला पैसे आधी लागत, पण एकदा छापला की त्याच्या शेकडो प्रती शेकडो घरांत पडून राहत. ब्लॉग काढायला पैसे लागत नाहीत, मात्र त्याची प्रत एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती सेवा चालू असेल तोवरच वाचायला मिळते.