पावणेनऊशे किलोमीटर

माझे आजोबा कराचीच्या नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कुलात शिकले. त्यांच्या बोलण्यात कराची म्हणजे मुंबईहून बोटीत बसून जायचे गाव. त्यामुळे मुंबई आणि कराची या दोन विमानतळांमधले अंतर प्रथम पाहिले तेव्हा मी थबकलो. सरळ रेषेत सुमारे पावणेनऊशे किलोमीटर! मुंबईहून दिल्ली याहून कितीतरी लांब.

हे अंतर विमानाने नियमित कापायला सुरुवात झाली १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. इम्पीरियल एअरवेजची विमाने लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणत. पुढची जबाबदारी टाटांनी घेतली होती. त्या सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा द्रिग रोडच्या मैदानावरून 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून निघाले. सोबत प्रवासी नाही, टपालाच्या थैल्या तेवढ्या. इंधनासाठी वाट वाकडी करून अहमदाबादला उतरायचे, म्हणजे एकूण मार्ग हजार किलोमीटरच्या वर गेला. तिथे बर्मा शेलचे पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीतून आले होते. (विमानाच्या इतिहासात बैलाचा हा वाटा सहसा कुणी नोंदवत नाही.) दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकले. सव्वासात तास, बैलगाडीसकट. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान म्हणजे खाजणाची जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली गेले की सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे.

पुढे यंत्रे सुधारली. जेट विमानाला एवढ्या अंतरासाठी दीड तास पुरतो. पण त्या दीड तासाचा हिशेब इंजिनाच्या हाती राहिला नाही. १९७१ च्या युद्धात दोन्ही देशांमधली विमाने थांबली, ती १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाली. २००२ च्या पहिल्या दिवसापासून दोन वर्षे पुन्हा बंद. आज सरळ विमान नाही. दुबईमार्गे जावे तर पावणेनऊशेचे एकतीसशे किलोमीटर होतात. नुसते उडण्याचे तास पाच. त्यात दुबईतली वाट पाहणे मिळवले की १९३२ च्या सव्वासात तासांपुढे सहज जातो. जुन्या वेळापत्रकांवरून सुधारणेचा आलेख काढणाऱ्याने हा मार्ग घेऊ नये, आलेख उलटा येईल.

मधला एक दिवस मात्र मला आठवतो. १९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' घेऊन कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. त्याआधी १९६२ मध्येही त्यांनी तो केला होता. घरात सगळे त्यांच्या वयाचे कौतुक करत होते. आजोबांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा काढून पेपरावर ठेवला आणि विचारले, "परवानगी किती दिवसांत मिळाली रे त्यांना?"