अल्लाबंद : माणसाने न बांधलेला बांध

१६ जून १८१९. कच्छच्या रणाच्या पश्चिम भागात, सिंधू नदीच्या एका जुन्या फाट्याच्या काठी सिंद्री नावाचा छोटा किल्ला होता. कच्छ संस्थानाचे जकातीचे ठाणे तेथे होते. त्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास जमीन हादरली. भुज शहर उद्ध्वस्त झाले; दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार कोसळले. सिंद्रीत मात्र काही वेगळेच घडले. किल्ल्याभोवतीची जमीन खचली आणि कोरी खाडीच्या वाटेने समुद्र आत शिरला. ठाण्यातील माणसांनी एका बुरुजाचा आश्रय घेतला. दुसऱ्या दिवशी होड्यांमधून त्यांची सुटका झाली.

पाणी स्थिरावल्यावर उत्तरेकडे, सुमारे ८ किलोमीटरवर, आदल्या दिवसापर्यंत नसलेली मातीची एक लांबलचक उंच कड दिसू लागली. सपाट रणात ती पूर्व-पश्चिम ५० मैलांहून अधिक पसरली होती आणि काही ठिकाणी १० फूट उंच होती. स्थानिक लोकांनी तिला नाव दिले ‘अल्लाबंद’, म्हणजे ईश्वराने घातलेला बांध.

हे नाव केवळ श्रद्धेतून आलेले नव्हते. या फाट्यावर माणसांनी घातलेले बांध तेथील लोकांना चांगलेच ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंधच्या कल्होरा राज्यकर्त्यांनी वरच्या अंगाला बांध घालून कच्छकडे येणारे गोडे पाणी अडवले होते. त्यामुळे लखपत परिसरातील भातशेती संपली आणि सुपीक जमिनीचे खारट रण झाले. म्हणून नवी कड पाहताच लोकांनी तिला राजांच्या बांधांपासून वेगळे काढले. हा बांध कोणी घातलेला नाही, जमीनच वर आली आहे, हे निरीक्षण त्या एका नावात नोंदले गेले.

सात वर्षांनी या निरीक्षणाची तपासणी नदीनेच केली. १८२६ मध्ये सिंधूला मोठा पूर आला. पुराने वरचे मानवनिर्मित बांध फोडले, अल्लाबंदही कापला आणि नदीचे पाणी पुन्हा सिंद्रीपर्यंत पोहोचले. मार्च १८२७ मध्ये अलेक्झांडर बर्न्स हा ब्रिटिश अधिकारी होडीने तेथे गेला. सिंद्रीच्या पडक्या भिंती पाण्यावर जेमतेम दोन-तीन फूट दिसत होत्या. त्यांवर उभे राहिले असता चहूकडे पाणीच पाणी होते. फक्त उत्तरेला अल्लाबंदाची निळसर रेघ उमटली होती. पुराने कापलेल्या जागी बांधाचे पोट उघडे पडले होते. आत शिंपल्यांनी भरलेले चिकणमातीचे थर होते. माणसाने टाकलेल्या भरावात असे थर सापडत नाहीत. पाण्याखाली साचलेला जुना तळ तेथे सबंधच्या सबंध वर उचलला गेला होता. खालच्या अंगाला याच्या उलट घडले होते. लखपतजवळ ओहोटीच्या वेळी जेमतेम फूटभर पाणी असलेला उतार भूकंपानंतर १८ फुटांहून खोल झाला होता.

ही माहिती इंग्लंडमध्ये चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञापर्यंत पोहोचली. पृथ्वीचे रूप एखाद्या अद्भुत प्रलयाने नव्हे, तर आजही चालू असलेल्या प्रक्रियांनी घडते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यासाठी डोळ्यांदेखत उचलली गेलेली आणि खचलेली जमीन त्याला हवी होती. कच्छने ती दिली. त्याच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथात सिंद्रीची हकीकत आली आणि किल्ल्याचे बुडण्यापूर्वीचे चित्रही छापले गेले. ज्यांच्या साक्षीवर हे सारे उभे होते, त्या बुरुजावरील माणसांची नावे मात्र इतिहासात उरली नाहीत.

पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी जुन्या नोंदी तपासून १९२६ मध्ये या भूकंपावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. आज त्याचा अर्थ असा लावला जातो की, जमिनीखाली उत्तरेकडे कललेल्या प्रस्तरभंगावर वरचा भूखंड दक्षिणेकडे सरकत वर चढला. म्हणून उत्तरेला बांध उभा राहिला आणि दक्षिणेला सिंद्री बुडाली. उचल आणि खचणे या एकाच हालचालीच्या दोन बाजू होत्या.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ पुन्हा हादरला. ७.७ तीव्रतेच्या त्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पण जमिनीवर अल्लाबंदासारखी ठळक खूण उमटली नाही. विनाशकारी भूकंप प्रत्येक वेळी आपली सही ठेवून जात नाही, हे त्यातून दिसले. म्हणूनच मागे राहिलेल्या खुणा शोधाव्या लागतात. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांना रणातील मातीच्या थरांत, भूकंपाच्या वेळी खालून उसळून आलेल्या वाळूचे जुने अवशेष मिळाले. ते सुमारे ८०० ते १००० वर्षांपूर्वीच्या भूकंपाकडे निर्देश करतात.

दोन शतकांच्या अंतराने आलेले धक्के माणसाच्या स्मृतीत टिकत नाहीत. ते माती, शिंपले आणि स्थळनामे यांत टिकतात. कच्छच्या लोकांनी एका कडेला अचूक नाव दिले. त्या नावापासून सुरू झालेले वाचन अजून संपलेले नाही, आणि पुढच्या भूकंपाआधी कच्छमधील घरे कशी बांधावीत, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी त्या वाचनावर अवलंबून आहे.