पुढचा भाग कुठाय?

आमच्या ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न फिरून येतो. कुणाचं तरी हॅरी पॉटर तिसऱ्यांदा वाचून संपलेलं असतं आणि मग विचारणा होते, "आता कुठली सिरीज घेऊ?" की लगेच शिफारशींचा पाऊस. टॉल्कीनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) तर हवंच. अर्सुला ले ग्विनचं 'अर्थसी', जिथे एखाद्या वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं हीच जादू. हसायचं असेल तर टेरी प्रॅचेटचं डिस्कवर्ल्ड, चांगले ४१ भाग, वर्षभराची सोय. जॉर्ज मार्टिनचं नाव निघालं की एकजण हमखास सावध करतो, बाबा रे, पाचवा भाग २०११ साली आला, सहाव्याची अजून वाट बघतोय!

यादी मला शंभर टक्के मान्य आहे. पण तिच्या शेवटी कुणीतरी एक वाक्य टाकतंच, "मराठीत असलं काही नाही रे." आणि इथे आमची गाडी रुळावरून घसरते. आहे हो, मराठीत आहे. फक्त 'हे वाच, मग ते वाच' असं सांगणारं कुणी उरलं नाही, आणि मालिका म्हटली की सांगणारा लागतोच. म्हणून या विकांताला म्हटलं, आपणच ती यादी करू. मात्र यादी उलगडायला थोडा इतिहास लागेल. थोडा म्हणजे दोनेक हजार वर्षं. :)

सुरुवात होते पैठणपासून. दंतकथा अशी. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, माझ्यावर पाणी उडवू नका. 'मा' म्हणजे नको, 'उदक' म्हणजे पाणी, दोहोंचा संधी होऊन शब्द झाला मोदक. राजेसाहेबांनी घाईघाईने मोदक मागवले! राणी हसली, राजाला शरम वाटली, आणि त्याने ठरवलं की आता संस्कृत शिकायचंच. त्याचा मंत्री गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य चिडला आणि पैज लावून बसला की असं झालं तर संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडीन. सहा वर्षांच्या आणि सहा महिन्यांच्या एस्टिमेटमधलं राजाने कुठलं उचललं हे आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. आश्चर्य एवढंच की शर्ववर्म्याने खरंच वेळेत काम करून दाखवलं.

भाषा गमावलेला गुणाढ्य विंध्याच्या जंगलात गेला. तिथे पिशाचांची भाषा शिकला आणि त्या पैशाची भाषेत त्याने सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. जंगलात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने. ग्रंथ राजाकडे पाठवला. राजा आता व्याकरण शिकलेला! असली गावंढळ भाषा आणि वर रक्ताची अक्षरं, म्हणून त्याने तो परत पाठवला. मग गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड केलं आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकायला लागला. भोवती जनावरं गोळा झाली. चरायचं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजवाड्यात राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस निकस येतंय. शिकाऱ्यांना विचारलं तर कळलं की जनावरं खातच नाहीत, कुणीतरी त्यांना गोष्टी सांगतोय. राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेले एक लाख त्याने मागून घेतले.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे, हे मान्य. पण अद्भुत कथांचं आपल्याकडे पुढे काय होणार होतं ते सगळं तिच्यात आहे असं मला वाटतं. व्याकरण शिकलेला नाक मुरडतो, ऐकणारे जेवण विसरतात, आणि वाचतं तेवढंच, जे कुणीतरी मागून घेतं.

मूळ बृहत्कथा आज कुठेच नाही. तिची एक शाखा महाराष्ट्री प्राकृतातल्या 'वसुदेवहिंडी' या जैन ग्रंथात उरली, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत. सगळ्यात गाजलेली शाखा काश्मीरची. अकराव्या शतकात सोमदेवाने राणी सूर्यवतीच्या करमणुकीसाठी 'कथासरित्सागर' रचला. १८ लंबक, १२४ तरंग, २१ हजारांहून जास्त श्लोक. नायक नरवाहनदत्त विद्याधरांचा, म्हणजे आकाशात उडणाऱ्यांचा, सम्राट होतो ही मुख्य कथा, पण ती सरळ चालेल तर शपथ. गोष्टीतला माणूस गोष्ट सांगतो, त्या गोष्टीतला राक्षस आणखी एक सांगतो. रिकर्शन समजत नसेल त्याने हा ग्रंथ वाचावा. चार-पाच पातळ्या खाली जाऊन सोमदेव नेमका जिथून निघाला होता तिथे परत येतो, स्टॅक ओव्हरफ्लो होत नाही.

आणि त्यातली एक गोष्ट खास आपल्यासाठी. नरवाहनदत्त एका नगरात पोचतो. रस्त्यांत माणसं आहेत, व्यापारी आहेत, पण कुणी बोलत नाही. सगळे लाकडी यंत्रपुतळे! आख्ख्या गावात जिवंत माणूस एकच, त्यांना बनवणारा सुतार राज्यधर. त्याच्या थोरल्या भावाने दोरीवर चालणारे लाकडी हंस बनवून राजाचा खजिना लुटला होता, म्हणून दोघांना उडत्या यंत्रांतून पळावं लागलं. रोबो, ड्रोन, चोरी आणि फरार इंजिनीअर, हे सगळं अकराव्या शतकात. मराठी अनुवाद अनेक खंडांत मिळतो. यादीत हे पहिलं.

आता उडी मारून थेट छापखान्याच्या काळात. १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, विधवांच्या हालांवरचं, पूर्ण वास्तवातलं. पण पुढे वाचकांनी उचललं ते वेगळंच. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरेबियन नाइट्स' मराठीत आणायला घेतलं, 'सुरस आणि चमत्कारिक गोष्टी' या नावाने, भागाभागांनी. त्याच साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली. मग १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, संकटं, योगायोग, चमत्कार.

रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत याचं कारणही देऊन टाकलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या लग्नाच्या रीतीमुळे आणि अशाच इतर कारणांमुळे आपल्या आयुष्यात रंगण्यासारखं ना पाप असतं ना पुण्य. रोजचं लिहावं तर त्यात गंमत नाही, म्हणून करमणूक करायची तर अद्भुताकडेच जावं लागतं. मला हा माणूस फार आवडतो. लहानपणीच लग्न उरकलेल्या समाजात प्रेमकथा लिहायची कशी, या अडचणीवर त्याने काढलेला हा तोडगा आहे. म्हणजे आपल्याकडे फँटसी आली ती वास्तवापासून पळायला नव्हे, वास्तवात जागाच नव्हती म्हणून.

मग हवा पालटली. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहून दाखवून दिलं की त्याच रोजच्या, घरातल्या आयुष्यात केवढी कादंबरी दडलेली आहे. ते थोरच काम होतं, वाद नाही. पण त्यानंतर अद्भुत म्हणजे बालिश असा शिक्का बसला तो बसलाच. त्याही काळात नाथमाधवांनी १९१३ साली 'वीरधवल' लिहिली. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२-१९२८). तरुणपणी सिंहगडावर शिकारीच्या वेळी कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं, आणि मग अंथरुणावरून कादंबऱ्या लिहिल्या. जागेवरून हलता न येणाऱ्या माणसाने घोडदौडी, भुयारं आणि लढायांनी भरलेलं जग उभं केलं. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी ते अधाशासारखं वाचलं. यादीत हे दुसरं.

पण गंमत बघा, मोठी अनेक भागांची मालिका लिहायला घेतली तेव्हा नाथमाधव कल्पित राज्याकडे गेले नाहीत. ते शिवकाळात गेले. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना' वगैरे. माझं आपलं एक मत आहे. टॉल्कीनला नकाशा काढावा लागला, कारण त्याच्या मनातलं जग कुठे अस्तित्वातच नव्हतं. आपल्याकडे नकाशा आयता होता. मी मूळचा अष्टमीचा, कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर आम्ही. आमच्या आसपास अवचितगड, घोसाळगड, तळगड, आणि जिल्ह्याचं नावच रायगड. ज्या पोराला खिडकीतून खराखुरा डोंगरी किल्ला दिसतो, त्याला खोटा कशाला हवा? मराठी माणसाची महागाथेची भूक इतिहासाने आणि पुराणांनी भागवली, आणि कल्पित जगांची मालिका वाढायची राहून गेली.

पूर्ण राहून गेली असंही नाही, ती मासिकात जाऊन बसली. 'चांदोबा'! नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली मद्रासहून 'चांदमामा' सुरू केला, तेलुगू आणि तमिळमध्ये. मराठी 'चांदोबा' १९५२ साली आला आणि २०१३ मध्ये सगळंच बंद पडलं. आमच्या अष्टमीच्या घरी माळ्यावर आत्याने जमवलेले अंक होते. विक्रम-वेताळ प्रत्येक अंकात पुरी व्हायची, ती ठीक. (वेताळ म्हणजे कोकणातल्या नि गोव्यातल्या पोराला परका नव्हे, आपल्याकडे त्याची देवळं आहेत.) पण त्यातल्या 'क्रमशः' धारावाहिकांनी माझा छळ केला. मांत्रिक, नरभक्षक, पाताळातली नगरं, आणि ऐन वेळी पुढचा अंक गायब. कधी उंदरांनी नेलेला, कधी शेजारच्यांनी. कितीतरी मालिकांचे शेवट मला अजून माहीत नाहीत!

खूप उशिरा कळलं की त्या धारावाहिका बहुतेक एकाच माणसाच्या होत्या, दासरी सुब्रह्मण्यम. चांदमामाच्या कचेरीतले संपादकीय नोकरदार, तेलुगूत लिहायचे, बाकी भाषांत अनुवाद व्हायचा. अंकात त्यांचं नाव नसायचं. २०१० साली ते वारले. मराठी मुलांच्या तीन पिढ्यांनी ज्याची फँटसी सिरीज वाचली, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. रोलिंगबाईंचं नाव मात्र पाठ. जुने अंक कुठे दिसले तर सोडू नका. हे तिसरं.

चौथे नारायण धारप (१९२५-२००८). शंभरच्या वर पुस्तकं, सगळे त्यांना भयकथावाले म्हणतात. पण त्यांच्या समर्थ-कथा सलग वाचा. समर्थ, त्यांचा शिष्य आप्पा जोशी, आणि पलीकडून आत घुसू बघणाऱ्या अमानवी शक्ती. नियम ठरलेले, किंमत ठरलेली, एका पुस्तकातली ओळख दुसऱ्यात कामी येते. याला फँटसी सिरीज नाही म्हणायचं तर कशाला? 'समर्थाचिया सेवका' पासून सुरू करा. धारपांनी स्टीफन किंगकडून बरंच उचललं हे खरं, 'लुचाई' म्हणजे 'सालेम्स लॉट'च. पण वाडा, देवघर, मुंजीतली जानवी हा सगळा ऐवज आपला. २०१८ चा 'तुंबाड' बघून थिएटरात गार पडलेल्यांनी लक्षात घ्यावं, त्या सिनेमामागेही धारपांची एक कथा आहे.

पाचवी शिफारस अनुवादांची. इंग्रजी येतं म्हणून अनुवादाला नाक मुरडू नका, ते राजाचं काम. गौरी देशपांड्यांनी बर्टनचं अख्खं 'अरेबियन नाइट्स' १६ खंडांत मराठीत आणलंय, मोठ्यांसाठीचं, काटछाट न केलेलं. मुग्धा कर्णिकांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं 'स्वामी मुद्रिकांचा' केलं. आणि 'फिलॉसॉफर्स स्टोन'ला मराठीत काय शब्द आला? 'हॅरी पॉटर आणि परीस'. लोखंडाचं सोनं करणारा परीस कीर्तनात नि अभंगात ऐकून आपल्या ओळखीचाच होता. जादूचा शब्द आपल्याकडे आधीपासून तयार असावा, याहून मोठा पुरावा मला नको.

तर क्रम असा : 'कथासरित्सागर' (रोज एक तरंग, घाई नको), 'वीरधवल', चांदोबाचे मिळतील ते अंक, धारपांचे समर्थ, मग अनुवाद. पुस्तकं सगळी दुकानात मिळतीलच असं नाही. गावच्या वाचनालयात विचारा, अप्पा बळवंत चौकात विचारा, आत्याच्या माळ्यावर चढा. मागणी झाली तरच नवी आवृत्ती निघते, हा साधा हिशोब आहे. आणि वाचून झालं की कपाटात कोंबू नका, कुणाच्या तरी हातात द्या.

परत मागा मात्र. मधलाच भाग गेला की फार त्रास होतो.