चांदीचे बूट आणि हिरवे चष्मे

मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीत मोठ्यांसाठी काही दडवून ठेवले आहे काय, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा वाटू नये. नाथांच्या भारुडातील विंचू हा नुसता विंचू नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तेथे नाथांनीच रूपक योजिले आणि भारुडाच्या ओघात ते उलगडूनही दाखविले. जेथे लेखकाने असे काहीच केलेले नाही, तेथे रूपक शोधण्याचा अधिकार वाचकाला कितपत? ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त एका अमेरिकन बालकथेच्या आधारे या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे मनात आले. त्यामागे एक व्यक्तिगत कारणही आहे. ते ओघात सांगेन.

ती कथा म्हणजे एल. फ्रँक बॉम यांची ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’. डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांच्या चित्रांसह ती 1900 साली शिकागो येथे प्रसिद्ध झाली. कॅन्सासच्या माळावरील डोरोथी ही पोरकी मुलगी चक्रीवादळात घरासकट उडून ऑझ नामक देशात पडते. घराखाली चिरडून पूर्वेची दुष्ट चेटकीण मरते आणि तिचे चांदीचे बूट डोरोथीला मिळतात. पिवळ्या विटांच्या रस्त्याने ती पाचूंच्या नगरीकडे निघते. वाटेत अक्कल हवी असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्य हवे असलेला सिंह हे सोबती तिला भेटतात. ज्याच्याकडे मागणे मागायचे तो थोर जादूगार मात्र एक सामान्य गारुडी निघतो.

या कथेला राजकीय रूपकाचा साज चढला तो चौसष्ट वर्षांनी. हेन्री लिटलफील्ड हे न्यूयॉर्क राज्यातील माउंट व्हर्नन येथे शाळेत इतिहास शिकवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे चलनाचे राजकारण हा विषय विद्यार्थ्यांच्या गळी उतरविणे किती कठीण, हे शिक्षकाला सांगायला नको. पुढे 1964 साली ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यात बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातील कामगार, डरकाळी मोठी पण काळीज लहान असा सिंह म्हणजे अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन. पिवळा रस्ता म्हणजे सोन्याचे चलन आणि त्यावर चालणारे चांदीचे बूट म्हणजे चांदीलाही नाण्याचा दर्जा द्या, ही कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांची मागणी.

अर्थ असा चपखल बसला की मोह आवरत नाही. 1990 साली ह्यू रॉकऑफ या अर्थशास्त्रज्ञाने त्यावर आणखी मजले चढविले. ‘ऑझ’ म्हणजे सोनेचांदी मोजण्याच्या ‘औंस’चे संक्षिप्त रूप. पाचूंच्या महालातील सात मार्गिका आणि तीन जिने म्हणजे 1873 साल, कारण त्या वर्षी अमेरिकेने चांदीची मुक्त नाणेपाडणी बंद केली. जिने मोजून सनावळी काढण्याची ही विद्या आपल्याकडील काही भाष्यकारांनाही हेवा वाटावा अशी!

आता ते व्यक्तिगत कारण. तौलनिक साहित्याच्या तासाला रूपककथेचे उदाहरण म्हणून मी अनेक वर्षे हाच अर्थ शिकविला, आणि तो बॉम यांनी योजलेला आहे असे छातीठोकपणे सांगून शिकविला. बडोद्याच्या विद्यार्थ्यांना तो रुचत असे, याचेही कारण होते. चांदीच्या त्या भांडणाचे एक टोक हिंदुस्थानात होते. 26 जून 1893 रोजी सरकारने येथील टाकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद केल्या. चांदीचा भाव कोसळला. चारच दिवसांनी अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी अमेरिकन काँग्रेसचे खास अधिवेशन बोलाविले आणि सरकारी चांदीखरेदीचा कायदा नोव्हेंबरात रद्द झाला. आपल्या संस्थानचा बाबाशाही रुपया चांदीचाच. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली अमेरिकेस गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी पुढे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या 1923 सालच्या ग्रंथात टाकसाळी बंद होण्याच्या या प्रकरणाची तपशीलवार चिकित्सा केली. एवढे सांगितले की डोरोथीचे बूट विद्यार्थ्यांना एकदम ओळखीचे वाटू लागत.

पुढे वाचनात आले की हा सारा डोलारा लिटलफील्ड यांनीच खाली घेतला होता. बॉम यांचे अभ्यासक मायकेल पॅट्रिक हर्न यांनी दाखवून दिले की 1896 च्या निवडणुकीत बॉम यांनी ब्रायन यांच्या नव्हे, तर सुवर्णवादी मॅकिन्ली यांच्या बाजूने कविता छापली होती. 1992 साली लिटलफील्ड यांनीही मान्य केले की बॉम त्या चळवळीचे पाठीराखे होते, असे मानण्यास आधार नाही. त्यांना वर्गात एक साधन हवे होते, ते त्यांना या कथेत सापडले, इतकेच. त्यांनी शिक्षणासाठी केलेली योजना माझ्यासारख्यांनी संशोधन म्हणून पुढे चालविली. बॉम यांनी प्रस्तावनेत केवळ आजच्या मुलांच्या आनंदासाठी लिहिले असे म्हटले होते. ती प्रस्तावना मी वाचली होती. पण लेखक असे म्हणतातच, म्हणून सोडून दिली होती. चूक तेथे झाली.

मग या कथेत काळाचे काहीच नाही काय? आहे, आणि ते जिने न मोजता दिसते. पहिल्याच प्रकरणातील कॅन्सास आठवावे. उन्हाने भाजून करडी झालेली जमीन, करडे गवत, रंग उडालेले करडे घर आणि त्या घरात हसू हरवलेली करडी एम काकू. बॉम स्वतः 1888 साली डाकोटा प्रदेशातील ॲबर्डीन येथे दुकान घालून बसले होते. अवर्षण पडले, उधारी थकली आणि दुकान बुडाले. ते करडेपण त्यांनी ग्राहकांच्या चेहऱ्यावर पाहिले असले पाहिजे. लाकूडतोड्याची हकीगतही अशीच. चेटकिणीने मंतरलेली त्याची कुऱ्हाड त्याचाच एकेक अवयव तोडते, लोहार प्रत्येक वेळी पत्र्याचा अवयव बसवून देतो आणि अखेरीस माणूस पत्र्याचा होतो, हृदय तेवढे राहून जाते. यंत्रयुगातील श्रमाविषयी हे चित्र किती बोलते! ते बॉम यांनी जाणून रेखाटले की नाही, हा प्रश्न त्यापुढे मला लहान वाटतो.

हिरव्या चष्म्यांचेही तसेच. पाचूंच्या नगरीत शिरताना द्वारपाल प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून त्याला कुलूप घालतो. नगर इतर नगरांहून फारसे हिरवे नाहीच, हिरवी आहे ती काच. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात संगमरवरी भासणारे शुभ्र प्रासाद उभे राहिले होते, वस्तुतः गिलाव्याचे. त्याच प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. बॉम तेव्हा त्याच शहरात राहत होते. नगराची कल्पना तेथूनच आली असे मी आता म्हणणार नाही. तसा तर्क अभ्यासकांनी केला आहे, एवढेच. 1939 च्या चित्रपटाने मात्र चष्मे गाळून नगर खरोखरच हिरवे केले, आणि रंगीत फितीवर उठून दिसावेत म्हणून चांदीचे बूट माणकांचे झाले. चित्रपटात ऑझ हे डोरोथीचे स्वप्न ठरते, पुस्तकात तसे नाही. ती परतते तेव्हा हेन्री काकांनी वादळात गेलेल्या घराच्या जागी नवे बांधलेले असते.

एक कटू गोष्ट राहिली, ती टाळणे योग्य होणार नाही. दुकान बुडाल्यावर बॉम यांनी ॲबर्डीनलाच वृत्तपत्र चालविले. डिसेंबर 1890 मध्ये मूळ रहिवाशांचे नेते सिटिंग बुल मारले गेले आणि त्याच महिन्यात वुंडेड नी येथे हत्याकांड झाले. त्या वेळी या गृहस्थांनी आपल्या अग्रलेखांतून उरलेल्या मूळ रहिवाशांचा समूळ उच्छेद करावा असे लिहिले. त्यांच्या वंशजांनी 2006 साली त्याबद्दल क्षमा मागितली. पुस्तकातील पंख असलेली माकडे आठवतात. एके काळी अरण्यात स्वतंत्र असलेली ती जमात एका सोन्याच्या टोपीची गुलाम झालेली आहे, आणि त्यांचा राजा आपली कहाणी डोरोथीला सांगतो. लिटलफील्ड यांनी या माकडांत माळरानावरील मूळ रहिवासी पाहिले होते. त्यांची बाकीची रचना मी वर्गातून काढून टाकली. हे एक वाक्य काढवले नाही, कारण ज्या हाताने ते अग्रलेख लिहिले त्याच हाताने दहा वर्षांनी ही कहाणी लिहिली. त्या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

हल्ली मी हे पुस्तक आधी नुसते वाचून दाखवितो. बुजगावण्याच्या डोक्यात जादूगार कोंडा, टाचण्या नि सुया भरतो आणि ते स्वतःला शहाणे समजू लागते, येथे विद्यार्थी हसतात. वाटेत खंदक आडवा आला तेव्हा झाड पाडून पूल करण्याची युक्ती याच बुजगावण्याने काढली होती, हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत मी थांबतो. लिटलफील्ड यांचा निबंध त्यानंतरच्या तासाला घेतो.