संगणकीय खेळांच्या सृष्टीतील लघुपट : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कॅमेरा, नेपथ्य, प्रकाशयोजना व नट ही चित्रपटनिर्मितीची साधने सामान्यतः निर्मात्याच्या ताब्यात असतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र यांपैकी काहीही हाताशी नसलेल्या हौशी तरुणांनी संगणकीय खेळांच्या आभासी सृष्टीतच लघुपट निर्माण केले. 'मशीन' व 'सिनेमा' या शब्दांच्या जोडातून या प्रकारास पुढे 'मशिनिमा' हे नाव मिळाले. या कलेची सारी साधने उसनी होती. हा उसनेपणा तिचे सामर्थ्यही ठरला आणि तिच्या अस्तित्वापुढील संकटही, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

उगम :
१९९६ साली अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने 'क्वेक' हा खेळ प्रसिद्ध केला. खेळलेला डाव नोंदवून पुन्हा पाहण्याची सोय त्यात होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'रेंजर्स' या खेळाडूंच्या गटाने तिचा उपयोग करून 'डायरी ऑफ अ कॅम्पर' हा सुमारे दीड मिनिटाचा लघुपट तयार केला. दबा धरून बसलेल्या एका खेळाडूचा इतरांनी केलेला वध एवढेच त्याचे कथानक असून संवाद पडद्यावर अक्षरांत उमटतात. परंतु येथे दृश्य खेळाडूच्या नजरेतून न दिसता तटस्थ प्रेक्षकाच्या नजरेतून दिसते. खेळाडूचे नटात झालेले हे रूपांतर ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचे होय.

विकास :
२००० साली स्कॉटलंडमधील ह्यू हॅनकॉक यांनी या लघुपटांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. २००१ मध्ये पेगी अवेश या प्रयोगशील अमेरिकन दिग्दर्शिकेने 'टूम रेडर' या खेळातील दृश्यांवरून 'शी पपेट' हा लघुपट रचला. खेळ जिंकण्याचे उद्दिष्ट त्यांनी बाजूस सारले. नायिका लारा क्रॉफ्ट हिचे वारंवार होणारे मरण हाच तेथे चिंतनाचा विषय बनला. २००३ मध्ये 'हेलो' या खेळावर आधारित 'रेड व्हर्सेस ब्लू' ही विनोदी मालिका सुरू झाली. तिच्यातील सैनिकांचे चेहरे शिरस्त्राणांनी झाकलेले असल्याने, कोण बोलत आहे हे डोके हलवून दर्शविले जाई.

सामाजिक आशय :
ऑक्टोबर २००५ मध्ये पॅरिसजवळील क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांपासून लपताना दोन किशोरवयीन मुलांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला आणि फ्रान्सच्या उपनगरांत दंगली उसळल्या. पुढच्याच महिन्यात अ‍ॅलेक्स चॅन या तरुणाने 'द मूव्हीज' या खेळाच्या साहाय्याने 'द फ्रेंच डेमोक्रसी' हा सुमारे तेरा मिनिटांचा लघुपट प्रसारित केला. दंगलखोर म्हणून रंगविल्या गेलेल्या तरुणांना भोगावा लागणारा भेदभाव त्यात दिसतो. खेळात पॅरिसचे नेपथ्य उपलब्ध नव्हते; त्यामुळे न्यूयॉर्कसारख्या दिसणाऱ्या भुयारी रेल्वेवर भागवावे लागले. तथापि, ज्यांचे म्हणणे प्रस्थापित प्रसारमाध्यमांत क्वचितच उमटे, त्यांची बाजू या उसन्या नगरातून जगापुढे आली.

स्वामित्व व जतन :
खेळातील पात्रे व दृश्ये कंपनीच्या मालकीची असल्याने निर्मात्याचा हक्क संदिग्ध राहिला. २००७ साली मायक्रोसॉफ्टने नियमावली प्रसिद्ध करून आपल्या खेळांतील सामग्रीच्या अव्यापारी वापरास परवानगी दिली. ही परवानगी सशर्त होती.

जतनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. 'क्वेक'च्या नोंदींत चित्रे नसतात. पात्रांची स्थाने व हालचाली यांचा केवळ तपशील असतो. मूळ खेळ चालू शकला तरच त्यातून लघुपट साकार होतो. चित्रफितीच्या रूपातील कृतीही सुरक्षित नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये 'मशिनिमा' या कंपनीच्या यूट्यूब वाहिनीवरील संग्रह प्रेक्षकांस एकाएकी दिसेनासा झाला.

समारोप :
२००५ च्या दंगलींचा अभ्यासक वृत्तपत्रे व शासकीय अहवाल चाळेल. चॅन यांचा लघुपटही त्याच्या दृष्टीने समकालीन साधनच आहे. अशा साधनांकडे खेळ म्हणून दुर्लक्ष झाल्यास एका पिढीची साक्ष नष्ट होईल. यास्तव लघुपटाबरोबरच मूळ खेळ, तो चालविणारी यंत्रणा आणि निर्मितीची हकिकत यांचेही जतन होणे अगत्याचे आहे.