न्यूयॉर्क, लंडन आणि चाळीसगावचा टांगा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या आपल्या घरातल्या लहान लेकरांनाही तोंडपाठ असतात. एम.ए., पीएच.डी., डी.एससी., बार-अ‍ॅट-लॉ. पण ज्या दोन महानगरांत त्यांनी त्या मिळवल्या, तिथे ते परके पाहुणे म्हणून कसे राहिले, काय खाल्ले, काय पाहिले, याची चर्चा आपल्यात कमी होते. पदव्यांबरोबर त्या शहरांनी बाबासाहेबांना आणखी एक गोष्ट दिली. तिची खरी किंमत कळली ती मायदेशी परतल्यावर, आणि त्यातला एक प्रसंग तर आपल्याच खानदेशात घडला.

१९१३ सालच्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. वय अवघे २२. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते आधी राहिले. तिथले जेवण मानवेना, म्हणून आठवडाभरातच ते ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची सोबत मिळाली आणि ती मैत्री जन्मभर टिकली.

एवढ्या मोठ्या शहरात तरुण माणसाला भुरळ पाडणारे काय कमी असते? परंतु शिष्यवृत्तीतून पैसे वाचवून मुंबईला माता रमाईकडे पाठवायचे होते. हातात जे थोडेफार उरे ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. या मुक्कामात त्यांनी सुमारे २,००० पुस्तके जमवली, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. म्हणजे बाबासाहेबांनी न्यूयॉर्क पाहिले ते ग्रंथालयांतून, वर्गांतून आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांतून. जॉन ड्यूई आणि सेलिग्मन यांच्यासारखे गुरू मिळाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. जातीचे मूळ कशात आहे, याची मांडणी पंचवीस वर्षांचा हा विद्यार्थी हजारो मैलांवरच्या शहरात बसून करत होता.

याच शहरात एका टेबलावर सगळ्यांबरोबर जेवण, एका बाकावर बसून शिक्षण, वाटेल त्या रस्त्याने फिरणे, हे सारे रोजचे झाले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेला हाच मुलगा! मात्र ते शहर सर्वांना सारखे वागवत होते असेही नाही. कोलंबियाला लागूनच असलेल्या हार्लेम भागात त्याच वर्षांत काळ्या लोकांची मोठी वस्ती वाढत होती आणि रंगभेदाचा जाच त्यांना होताच. बाबासाहेबांनी त्या प्रश्नाचाही अभ्यास केला. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले, ते याच आपुलकीतून.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. पुस्तके ज्या बोटीने पाठवली ती बोट बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले धन समुद्राच्या तळाशी गेले.

सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. १९२१-२२ या काळात ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. ब्रिटिश म्युझियमचे गोल घुमटाचे वाचनालय तिथून चारेक किलोमीटरवर. सकाळी दार उघडताच आत शिरायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही, हा त्यांचा नेम. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, कॉलेजचे ग्रंथालय, याच त्यांच्या लंडनमधल्या फिरण्याच्या जागा. रात्री भूक लागली की एका गुजराती ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एससी. मिळाली. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज तिथे स्मारक आहे.

आता मायदेशाकडे वळू. १९१७ मध्ये परतल्यावर करारानुसार बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले. परदेशातल्या राहण्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत नमूद केले आहे. बडोद्यात मात्र राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. न्यूयॉर्क-लंडनमध्ये ज्याला खोली मिळाली, त्याला आपल्याच महाराजांच्या राजधानीत बागेतल्या झाडाखाली बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागली.

आणि १९२९ सालचे चाळीसगाव. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते आणि खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे होते. धुळे लाइनवरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर आपली माणसं हार घेऊन उभी होती. महारवाडा सुमारे दोन मैलांवर. स्टेशनबाहेर टांगे भरपूर, पण बाबासाहेबांना तासभर थांबावे लागले. कारण एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता. साहेबांनी पायी यावे हे आपल्या माणसांना पटेना. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातलाच एक जण लगाम घेऊन बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत पडला. पायाचे हाड मोडले.

लंडनचा बॅरिस्टर, दोन विद्यापीठांचा डॉक्टर, सरकारी समितीचा सदस्य. आणि त्याला टांगा मिळत नाही! रस्ता, धर्मशाळा, पाणवठा, वाहन या गोष्टी सर्वांच्या असतात, हे बाबासाहेब परदेशी शहरांत रोज जगून आले होते. म्हणून महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा लढा हा नुसता पाण्यासाठी नव्हता. जी वागणूक परक्या मुलखाने पाहुण्याला दिली, ती स्वतःच्या देशाने आपल्या लेकरांना द्यावी, एवढेच मागणे होते.

बंधू-भगिनींनो, दीपनगरला आपणही नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणांहून आलो. आजचे क्वार्टर बदली झाली की दुसऱ्याचे. तरी इथला रस्ता, नळ, शाळा आपली आहे हे कुणाला विचारावे लागत नाही. आज आपली पोरं-पोरी पुण्या-मुंबईला जातात, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर परदेशातही जातात. त्यांना निरोप देताना डब्याबरोबर ही हकिगतही द्यावी. मोठ्या शहरात पोचलात की आधी तिथले ग्रंथालय शोधा. आणि मुंबईची गाडी चाळीसगावला थांबली, की खिडकीतून एकदा स्टेशनकडे बघा. इथे बाबासाहेब टांग्यासाठी तासभर थांबले होते.

जयभीम! नमो बुद्धाय!