मोंशाऊ जिल्ह्याची हद्द

जर्मनीच्या पश्चिम सीमेवर, आखेन शहराच्या दक्षिणेस, आयफेलच्या डोंगराळ मुलखात १९७१ सालाच्या अखेरपर्यंत मोंशाऊ नावाचा एक लहानसा जिल्हा नांदत होता. नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्नाच्या परिषदेने हा प्रदेश प्रशियाच्या पदरात टाकला, तेव्हा १८१६ साली प्रशियाच्या अंमलदारांनी ज्या अनेक जिल्ह्यांची आखणी केली त्यांतलाच हा एक. तत्पूर्वी वीसेक वर्षे येथे फ्रेंचांचा अंमल होता आणि त्याही आधी यूलिखच्या ड्यूकांचा. जमीन निकस आणि दलदलीची, हिवाळा दीर्घ, आणि पश्चिमेचा वारा इतका निष्ठुर की शेतकरी आपल्या घरांभोवती थेट छपरापर्यंत उंच अशी बीच वृक्षांची कुंपणे राखीत.

शेतीने जे दिले नाही ते पाण्याने दिले. येथून वाहणाऱ्या रूर नदीचे (कोळसा-पोलादाच्या प्रसिद्ध रुहर नदीहून ही निराळी) पाणी चुनखडीविरहित आणि मृदू असल्यामुळे लोकर धुण्यास व रंगविण्यास ते उत्तम ठरे, आणि त्याच आधारावर अठराव्या शतकात योहान हाइनरिख शाइब्लर या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याने मोंशाऊचे तलम कापड युरोपच्या बाजारपेठांत नेले. नदीकाठचा त्याचा लाल वाडा आजही उभा आहे. वाड्यातील ओक लाकडाच्या जिन्यावर लोकरीचे कापड होईपर्यंतच्या साऱ्या क्रिया करणारी बालके कोरलेली आहेत. एखाद्या व्यवसायाचा इतका सुंदर इतिहास कागदावरही क्वचितच लिहिला गेला असेल.

पुढे हा धंदा खालावला, आणि १८८५ साली आखेनहून रेल्वे आली तेव्हा लोकांना मोठा दिलासा वाटला असल्यास नवल नाही. परंतु याच रेल्वेने जिल्ह्याचे अंग चिरले. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहान्वये शेजारचे ओयपेन व माल्मेडी हे जिल्हे बेल्जमकडे गेले. त्या दोहोंना जोडणारा लोहमार्ग मात्र वारंवार मोंशाऊ जिल्ह्यातून जात होता, म्हणून १९२० साली रूळ, स्थानके आणि त्यांखालची जमीन बेल्जमला देण्याचा निर्णय झाला. परिणामी रुळांच्या पश्चिमेकडील जर्मन वस्त्या मायभूमीपासून तुटल्या. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना लोकांच्या नित्य व्यवहाराची किंमत किती अल्प वाटते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकन फौजांनी जर्मनीतील जी पहिली गावे घेतली, त्यांत याच जिल्ह्यातील रोटगेन होते. आणि त्यानंतर हुर्टगेनच्या अरण्यात जी भीषण लढाई माजली तिने श्मिट, फोसेनाक ही गावे अक्षरशः जमीनदोस्त केली. युद्धोत्तर दारिद्र्यात सीमेवरील लोकांना उपजीविकेचा मार्ग सापडला तो कॉफीच्या चोरट्या आयातीचा, कारण जर्मनीत कॉफीवर किलोमागे १० मार्क इतका जबर कर होता आणि बेल्जममध्ये ती स्वस्त होती. रात्री दलदलीतून पोती वाहणाऱ्यांत लहान मुलेही असत, आणि जकात शिपायांच्या गोळीबारात माणसेही दगावली. श्मिटच्या उद्ध्वस्त चर्चच्या पुनर्बांधणीस या व्यवहारातील पैशाचा हातभार लागला, म्हणून लोक त्याला ‘सेंट मोक्का’ म्हणू लागले. तेथील दारिद्र्य पाहता त्या लोकांना गुन्हेगार म्हणण्यास माझी लेखणी धजत नाही. १९५३ साली कर ४ मार्कांवर आला, आणि जे काम बंदुकीला साधले नव्हते ते एका कायद्याने साधले.

१ जानेवारी १९७२ रोजी प्रशासकीय पुनर्रचनेत हा जिल्हा विसर्जित झाला. मोंशाऊ, झिम्मराथ आणि रोटगेन आखेन जिल्ह्यात गेले. श्मिट व फोसेनाक ड्यूरेनमध्ये. रेल्वेही यथावकाश बंद पडली आणि तिच्या मार्गावर आता सायकली धावतात. परंतु त्या मार्गाची चिंचोळी पट्टी आजही बेल्जमचीच आहे, आणि तिच्यापलीकडे जर्मनीचे पाच तुकडे चहूबाजूंनी बेल्जमने वेढलेले आहेत.